कीलेस हँडल बदलण्याची रीत मालकालाही कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रिमोट खिशात ठेवूनच मोटारीचा दरवाजा उघडण्याची ‘कीलेस’ सोय आता केवळ महागड्या गाड्यांपुरती राहिलेली नाही. ही सोय एखाद्या दरवाजापुरती बंद पडली, की मालकाला बहुधा एकच सल्ला मिळतो : गाडी सर्व्हिस सेंटरला आणा, सगळी यंत्रणा तपासावी लागेल. दोष मात्र अनेकदा त्या दरवाजाच्या बाहेरील हँडलमध्येच असतो, आणि पुष्कळ गाड्यांत हे हँडल साध्या अवजारांनी घरच्या घरी बदलता येते. असे असूनही गाडीबरोबर मिळणाऱ्या जाडजूड माहितीपुस्तिकेत त्याविषयी सहसा चकार शब्द नसतो. उत्पादकांनी ही माहिती मालकाला द्यावी, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

या कामाची भीती वाटते ती मुख्यतः गैरसमजापोटी. हँडल बदलले की गाडीला नवी किल्ली ‘शिकवावी’ लागेल, कॉम्प्युटर लावावा लागेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हँडलमध्ये स्पर्श ओळखणारा सेन्सर किंवा रबराखालचे लहान बटण असते आणि बहुतेक रचनांत त्याच पोकळ भागात एक अँटेना बसवलेला असतो. हात लागताच गाडी या अँटेनातून साधारण १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचा क्षीण संदेश सोडते. तो जेमतेम मीटर-दीड मीटर पोहोचतो, म्हणूनच किल्ली, म्हणजे खिशातला रिमोट, जवळ असल्याशिवाय दरवाजा उघडत नाही. किल्ली त्याला ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांकेतिक उत्तर पाठवते. ते उत्तर खरे की खोटे हे ठरवते गाडीच्या आतले नियंत्रण युनिट, हँडल नव्हे. दारावरच्या बेलचे बटण बदलल्याने घराचे कुलूप बदलत नाही, तसेच हे आहे. ज्या थोड्या गाड्यांत नव्या हँडलची नोंद खरोखरच करावी लागते, तेथे उत्पादकाने तसे स्पष्ट लिहावे. पण त्या अपवादाच्या नावाखाली सगळ्याच मालकांना अंधारात ठेवू नये.

अर्थात, सुटा भाग मागवण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते ठरवायला हवे, आणि माझ्या मते या कामातला खरा विचाराचा भाग हाच आहे. सगळेच दरवाजे प्रतिसाद देत नसतील, तर आधी किल्लीतला सेल बदलून पाहावा. एकच दरवाजा रुसला असेल आणि रिमोटचे बटण दाबल्यावर तो नीट उघडत असेल, तर आतले लॉक आणि त्याची मोटर शाबूत आहे, असे समजायला हरकत नाही. हँडलला स्पर्श केल्यावर दरवाजा बंद होतो पण उघडत नाही, किंवा याच्या उलट घडते, तेव्हा संशय थेट सेन्सरवर जातो, कारण अनेक हँडलांत या दोन कामांसाठी दोन वेगळ्या जागा असतात. पावसात किंवा गाडी धुताना, किल्ली जवळ असताना, कोणी हात न लावताही लॉक उघडत-मिटत असेल, तर सेन्सरमध्ये पाणी शिरले असण्याची दाट शक्यता असते. असा बिघडलेला सेन्सर गाडीला वारंवार जागे करतो आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरवतो. मग मालक नवी बॅटरी घेतो आणि दोष तसाच राहतो. याखेरीज दरवाजा आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बिजागरीजवळ रबराची एक घडीदार नळी असते. तिच्यातल्या वायरी दरवाजाच्या प्रत्येक उघडझापीबरोबर वाकतात आणि कालांतराने एखादी आतल्या आत तुटते. तसे झाले असेल, तर कितीही हँडले बदलली तरी उपयोग नाही.

नवे हँडल मागवताना गाडीचा चॅसिस क्रमांक द्यावा आणि शक्य असेल तर जुन्या हँडलच्या पाठीवरचा भाग क्रमांक ताडून पाहावा. सेन्सर असलेले आणि नसलेले हँडल बाहेरून अगदी सारखे दिसू शकते, आणि डावे-उजवे तर सहज अदलाबदल होते.

प्रत्यक्ष काम पाहू. प्रचलित असलेल्या एका रचनेत दरवाजाच्या कडेवर, लॉकच्या वरच्या बाजूस, रबराचे किंवा प्लॅस्टिकचे लहान झाकण असते. ते काढले की आत चांदणीच्या आकाराच्या खाचेचा एक स्क्रू दिसतो. तो सैल करायचा असतो, पूर्ण बाहेर काढायचा नसतो. काही गाड्यांत तो पूर्ण काढल्यास आतला भाग सुटून दरवाजाच्या पोकळीत पडतो आणि मग मात्र आतले पॅनेल उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. स्क्रू सैल झाला की हँडलच्या मागचा, किल्लीच्या छिद्राचा भाग बाहेर येतो. त्यानंतर हँडल मागे सरकवून बाहेर ओढले की त्याच्यामागून वायर आणि कनेक्टर येतो. कनेक्टरची कळ दाबूनच तो सोडवावा, वायर ओढू नये. आणि सोडवताक्षणी गाडीकडच्या टोकाला दोरा बांधावा किंवा ते टोक चिकटपट्टीने पत्र्याला लावून ठेवावे, नाहीतर ते आत घरंगळते. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर पाणी आत गेले होते याचा तो पुरावाच समजावा. तो थर नीट साफ न करता नवे हँडल जोडणे व्यर्थ आहे. ज्यात किल्ली फिरते ते सिलिंडर मात्र जुनेच परत बसवावे, म्हणजे रिमोटमध्ये दडवलेली धातूची किल्ली पूर्वीप्रमाणेच चालते. हँडल आणि पत्रा यांच्यामधील रबरी गॅस्केट फाटलेले असेल तर नवे घालावे, कारण पाण्याला तेथूनच वाट मिळते.

सर्वांत मोलाची खबरदारी यानंतरची आहे. चाचणी होईपर्यंत दरवाजा लावू नये. दरवाजा उघडा ठेवूनच त्याच्या कडेचे लॅच, म्हणजे दरवाजा अडकवून धरणारा खटका, दरवाजा लागल्यावर फिरते तसे स्क्रूड्रायव्हरने फिरवावे; म्हणजे गाडीला दरवाजा बंद असल्यासारखे वाटते. आता रिमोट जवळ घेऊन स्पर्शाने बंद करून पाहावे, स्पर्शाने उघडून पाहावे, मग सिलिंडरमध्ये किल्ली फिरवून पाहावी, आणि शेवटी हँडल ओढल्यावर लॅच मोकळे होते ना, हे डोळ्यांनी बघावे. ते मोकळे झाल्यावरच दरवाजा लावावा. हँडलला लॅचशी जोडणारी आतली कडी नीट अडकली नसताना दरवाजा लावला, तर तो बाहेरून उघडेनासा होतो आणि पाच मिनिटांचे काम दिवसभराचे होऊन बसते.

सगळ्याच गाड्यांत हे इतके सोपे नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. काहींत आतले पॅनेल आणि त्यामागचा प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पडदा काढावा लागतो. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दरवाजाच्या पोकळीतील हवेचा दाब मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. तेथे तो पडदा फाटका किंवा अर्धवट चिकटवलेला राहणे सुरक्षिततेच्या दृष्टीने अजिबात योग्य नाही. अशा गाडीत इग्निशन बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढणे, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबणे आणि पडदा पूर्ववत चिकटवणे याला पर्याय नाही. त्या कृतीची अधिकृत माहिती हाती नसेल, तर काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. मात्र आपली गाडी यांतल्या कोणत्या प्रकारात मोडते, एवढे तरी मालकाला पुस्तिकेतून कळायला नको का?

अशी माहिती उघड केल्यास चोरांचे फावेल, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. वर सांगितलेला स्क्रू दरवाजाच्या कडेवर असतो आणि दरवाजा लावलेला असताना तेथे हात पोहोचत नाही; म्हणजे हे हँडल रीतसर काढण्यासाठी आधी दरवाजा उघडलेला असावा लागतो. कीलेस गाड्यांच्या चोरीची जी रीत चिंतेचा विषय ठरली आहे, तिच्यात किल्लीचा संदेश घराबाहेरून पकडून गाडीपर्यंत पोहोचवला जातो. तिचा हँडलच्या स्क्रूशी काहीही संबंध नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी तर २०१२ मध्येच, मोटार दुरुस्तीची माहिती मालकाला आणि स्वतंत्र गॅरेजलाही मिळाली पाहिजे, या बाजूने प्रचंड बहुमताने कौल दिला होता.

उत्पादकांकडे माझी मागणी माफक आहे. माहितीपुस्तिकेत हँडल बदलण्याच्या कृतीला एक सचित्र पान द्यावे, पॅनेल काढावे लागत असल्यास तसा ठळक इशारा द्यावा, आणि हँडल, गॅस्केट व सिलिंडर हे भाग एकत्रच घेण्याची सक्ती न करता सुटे विकावेत. आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. नव्या गाडीचे परीक्षण छापताना इंजिन, मायलेज आणि आसनांबरोबरच, दरवाजाचे हँडल बाहेरून काढता येते की पॅनेल उघडावे लागते, ही एक ओळ आपल्या परीक्षकांनी आवर्जून लिहावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाहनधारक वाचक