मावशी, तुम्ही बरोबर होतात

तीर्थस्वरूप मावशी,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषयच संपवता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांसमोर. इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

हे गेले त्यानंतरचे दिवस तुम्हाला आठवत असतील. चर्चच्या मंडळीतली माणसं प्रेमाने घरी यायची आणि उठताना बायबलमधलं एखादं वचन हातात ठेवून जायची, बहुतेक वेळा "भिऊ नको" हेच. वचन खरंच आहे, पण रात्री लाइट लावून बसलेल्या मला त्याचा उलटाच अर्थ लागायचा. मला भीती वाटते म्हणजे माझा विश्वासच कच्चा. त्यात थोरामोठ्यांचे दाखले. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली केडगावला आणून सांभाळल्या, लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याच्या, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या मागे त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' काव्य पुरं केलं. नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या बाईला ही नावं काही नवी नाहीत. तेव्हा मात्र ती ऐकली की मी आणखीच खुजी व्हायचे. कुठे त्या, कुठे मी!

तुम्ही एकट्याच वेगळं बोललात. "अगं, टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली वर्षं त्या बाईने कशी काढली असतील? ते कुणी उपदेशात सांगत नाही." मग चष्मा पुसून बायबलातल्या शास्ते पुस्तकाचा सातवा अध्याय काढलात, गिदोनाचा.

इस्राएलचा हा सेनापती गिदोन मला संडे स्कूलपासून पाठ होता. 300 माणसं, कर्णे, मडक्यात लपवलेल्या दिवट्या. ज्यांना भीती वाटते त्यांनी घरी जावं असं सांगितल्यावर 22,000 माणसं परत गेली, 10,000 उरली, आणि त्यांतून ती 300 निवडली, हेही ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्या 22,000 मध्ये आपण पहिल्या रांगेत असतो, असंच मला वाटायचं. तुम्ही बोट ठेवलंत ते पुढच्या ओळीवर. रात्री देव गिदोनाला म्हणतो, ऊठ, शत्रूच्या छावणीवर जा. पण जायला भीती वाटत असेल तर आधी तुझा नोकर पुरा याला घेऊन खाली जा आणि ते काय बोलतात ते ऐक. आणि गिदोन मुकाट्याने पुराला घेऊन जातो. म्हणजे सेनापतीलाही भीती वाटतच होती, आणि देवाने त्याला त्यासाठी घरी पाठवलं नाही, सोबत दिली.

"पण पुरा करतो काय?" मी विचारलं होतं.

"काही नाही. अख्ख्या शास्त्रात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. बरोबर जातो. तू बुधवारी दवाखान्यात ये, मी आहे."

महिला मंडळाच्या आजाऱ्यांच्या भेटी मी टाळत होते. फिनेलचा वास आला की यांचे शेवटचे दिवस समोर यायचे, आणि मोठ्याने प्रार्थना करायची म्हटलं की घसाच आवळायचा. त्या बुधवारी तुम्ही वॉर्डातल्या स्टुलावर बसलात, मांडीवर चहाचा थर्मास, आणि मला खुणेने पलंगाजवळ उभं केलंत. पलंगावरच्या आजींच्या हाताला सलाईन होतं. मी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं आणि "आमची रोजची भाकर" पर्यंत येऊन आवाज गेला तो गेलाच. तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही थर्मासचं झाकण घट्ट करत होतात! तेवढ्यात आजींनीच पुढची ओळ धरली. दात नव्हते, शब्द निम्मे कळत होते, पण "आमेन" पर्यंत त्यांनी ओढून नेलं आणि लगेच विचारलं, "चहात साखर हाय का?" तुम्ही सिस्टरला विचारून त्यांना अर्धा कप दिलात.

बाहेर आल्यावर मी चिडले होते. मला सावरलं का नाही, म्हणून. तुम्ही म्हणालात, "सावरलं की तिने." आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस सुरू केलीत.

त्यानंतर माझी भीती पळाली, असं चर्चमध्ये साक्षीत सांगायला छान वाटेल, पण ते खोटं होईल. वॉर्डाच्या दाराशी अजून हात गार पडतात. तरी मी आत जाते. पेन्शनच्या कागदांसाठी साहेबासमोर बसले, बँकेत एकटी गेले. मंडळीच्या वार्षिक सभेत जमाखर्चावर प्रश्न विचारायला उभी राहिले तेव्हा तर पाय लटलट कापत होते. मागच्या बाकावरून तुमचं ते खाकरणं ऐकू आलं आणि प्रश्न पुरा झाला. पंचांना तो आवडला नाही, हा भाग वेगळा.

तुम्ही मुलाकडे पुण्याला गेलात ते बरंच झालं, इथले जिने तुमच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. नाताळात येते. करंज्या मी आणेन, तुम्ही तळायला उभ्या राहू नका. बुधवारच्या भेटी चालू आहेत. मी नवा थर्मास घेतलाय, पण त्यात चहा तासाभरात कोमट होतो. तुमचा कुठल्या दुकानातला, तेवढं कळवा.

तुमची,
मंडळीतली लेक