वांद्र्याच्या आमच्या आंटींना जाहीर आभारपत्र

आदरणीय आंटी,
सप्रेम नमस्कार.

रणवारमधील तुमच्या घराच्या तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहायला आलो, तेव्हा आमच्या लेखी मुंबई म्हणजे नोकरी, लोकल आणि घरभाडे एवढेच होते. या शहरात वर्षभर कुठल्या ना कुठल्या समाजाचा सण रस्त्यावर, मैदानात किंवा मांडवात चालू असतो आणि तिथे परक्या माणसालाही पानावर जागा मिळते, हे आम्हाला तुमच्यामुळे कळले. आभार जिना चढून येऊनही मानता आले असते. परंतु नांदेड, लातूर, यवतमाळकडून आलेली आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबे बोलावणे नसताना दुसऱ्यांच्या सणाला जावे कसे, या संकोचापायी घरीच बसतात. त्यांच्याही वाचनात यावे म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चची, म्हणजेच मोत माउलीची, जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. रविवारच्या रेटारेटीत न जाता मधल्या वारी दुपारी जावे आणि आधी मोत माउलीसमोर मेणबत्ती, मग खाणे, हा क्रम तुम्ही आम्हाला घालून दिलात. हात, पाय, घर, तान्हे बाळ अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू नवसासाठी घेणाऱ्यांत कोळणीही होत्या आणि कपाळाला कुंकू लावलेल्या इतर बायकाही, हे पाहून माझ्या आईचा संकोच पायऱ्यांवरच गळून पडला. खाली उतरताना कडियो-बोडियोच्या, म्हणजे गोड कुरकुरीत काड्यांच्या, दुकानापाशी तुम्ही एक काडी मोडून पाहिलीत, ती कट्कन न मोडता वाकली तेव्हा काही न बोलता पुढच्या दुकानाकडे वळलात. खाण्याची पारख तुमच्याकडून शिकावी ती अशी.

रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवरच्या मिनारा मशिदीच्या गल्लीत जाण्याची आमची हौस जुनी होती, धीर मात्र नव्हता. इफ्तारच्या वेळी तिथे गर्दी करू नका, दिवसभराच्या उपाशी माणसाचा त्या वेळी पहिला हक्क असतो, आपण रात्री उशिरा जाऊ, असे तुम्ही सांगितलेत. एवढी साधी गोष्ट खाण्याच्या ठिकाणांची वर्णने लिहिणाऱ्या मंडळींना सुचत नाही, याचे मला अजूनही नवल वाटते. मोठ्या पसरट कढईत मालपुवा तळताना पाहून आई पुढे सरसावली, तेव्हा त्यात अंडे असते हे तुम्ही तिला तिथल्या तिथे सांगितलेत आणि तिच्या हातात फिरनीची मातीची वाटी ठेवलीत. आमच्या घरात निम्मे शाकाहारी आणि निम्मे सगळे खाणारे; त्यामुळे कुणाचा नेम मोडू न देता सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याचे तुमचे कसब आम्हाला फार मोलाचे वाटते. नल्ली निहारी, म्हणजे मटणाच्या नळ्यांचा रस्सा, खाणाऱ्यांनी आपली बशी कोणत्या बाजूला ठेवावी, इथपर्यंत तुमचे लक्ष होते!

किंग्ज सर्कलला जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) सेवा मंडळाच्या गणपतीत केळीच्या पानावरचा प्रसाद घेताना, पानात वाढलेले टाकायचे नाही आणि जेवून झाल्यावर गप्पांत जागा अडवायची नाही, मागे माणसे ताटकळत असतात, हे तुम्ही मुलांना बसण्याआधीच बजावले होते. हा गणेशोत्सव १९५५ पासूनचा, हेही त्या रांगेतच तुमच्याकडून समजले. वरळी कोळीवाड्यातली नारळी पौर्णिमा आणि शिवाजी पार्कच्या दुर्गापूजेतील खिचडीचा भोग यांविषयी स्वतंत्र पत्र लिहावे लागेल.

मात्र सर्वांत जवळचा वाटला तो तुमचा स्वतःचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा आगेरा, म्हणजे ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा सुगीचा सण. वांद्र्यात आज भातखाचर शोधूनही सापडणार नाही. तरीही बँडच्या तालावर, लुगडी नेसलेल्या बायकांच्या हातांतून नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये येतात आणि त्यांना आशीर्वाद दिला जातो. आम्ही शेतकरी घरातले लोक. लोंबी हातात घेऊन दाणा चिमटीत दाबून पाहण्याची आईची सवय सुटलेली नाही. तिने तो दाबला, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी हसून मान डोलावली आणि पुढे दोघी मराठीतच खत-पाण्यावर बोलत राहिल्या. नंतर नव्या तांदळाची खीर आली, फुगे म्हणजे तळलेले गोल पाव आले. तुमच्या माळ्यावर तपकिरी बाटल्यांत ठासून भरलेला बॉटल मसाला, म्हणजे तुमच्या समाजाचा घरगुती मसाला, ऊन लागून उतरू नये म्हणून रंगीत काचेत ठेवतात, हे तुम्ही आईला दाखवलेत आणि त्यातली एक बाटली तिच्या पिशवीत घातलीत. ती नांदेडला वांग्याच्या भाजीत संपली, हे ऐकून तुम्हाला कदाचित वाईट वाटेल.

मध्यंतरी एका तिकीट लावलेल्या खाद्यमहोत्सवालाही आम्ही गेलो होतो. प्रवेशाचे पैसे वेगळे, कुपनांचे वेगळे आणि स्पीकर असे की पदार्थ करणाऱ्याला काही विचारायचीही सोय नव्हती. असे कार्यक्रम वाईटच असतात असे मी म्हणणार नाही. १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवात आम्ही दरवर्षी आनंदाने भटकतो. पण तुमच्यासोबत फिरल्यामुळे आता आधी वाढणारा माणूस पाहावासा वाटतो, पाटी नंतर.

तुम्ही हे सारे शेजारधर्म म्हणून केलेत आणि आभाराची भाषा काढली की विषय बदलता, म्हणून या पत्राला तोंडी उत्तर देऊ नये. यंदा आगेऱ्याला आई पुन्हा येत आहे. खिरीसाठी नारळ खवण्याचे आणि तांदूळ निवडण्याचे काम तळमजल्याकडे सोपवावे, आणि पहाटे किती वाजता वर यायचे ते आदल्या दिवशी कळवावे, ही विनंती.

आपले नम्र,
तळमजल्यावरचे भाडेकरू