हजेरीपटावर सही, टाकीपाशी कोणी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्योगांच्या शाश्वततेवरचा कालचा लेख वाचून राहवले नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला, हे चांगलेच झाले. त्यात किती टक्के कामगारांना प्रशिक्षण दिले, हेही सांगावे लागते. पण ते प्रशिक्षण नेमके कोणाला मिळाले, हे लेखकाने विचारायला हवे होते.

मी एका रसायन कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पावर, एकवीस वर्षे ऑपरेटर होतो. एरेशन टाकीत हवा सोडून जिवाणूंकडून सांडपाणी साफ करून घेतात. ती नीट चालत असली की तिला ओल्या मातीचा वास येतो, गाळ चॉकलेटी दिसतो. टाकीतले लिटरभर पाणी मोजणीच्या काचेच्या सिलिंडरमध्ये धरून अर्धा तास ठेवले की गाळ खाली बसतो. आमच्याकडे कंत्राटदाराचा एक पोरगा होता, त्याला तो वास नेमका कळायचा. एका रात्री दोन वाजता त्याने हाक मारली, "काका, टाकीचा वास बदललाय." प्लांटवाल्यांनी रिअ‍ॅक्टर धुऊन सॉल्व्हंटचे पाणी न कळवता सोडले होते. आम्ही इनलेट, म्हणजे टाकीत पाणी येण्याची वाट, बंद केला म्हणून जिवाणू वाचले. मेले असते तर शेण-गूळ घालून ते पुन्हा वाढवण्यात दोन-तीन आठवडे गेले असते.

सकाळी प्रोडक्शनच्या साहेबांनी मलाच झापले, दोन तास बॅच अडली म्हणून. त्यांची बढती टनांवर ठरते. सोडलेल्या पाण्याचा सीओडी, म्हणजे प्रदूषणाचे माप, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत राहिला का, हे त्यांना कोणी विचारत नाही. मार्चअखेर कंत्राट बदलले आणि पोरगा गेला. नवी मुले आली, त्यांना पीएच मीटर लावायचा कसा इथपासून शिकवावे लागले. मी निवृत्त झाल्यावर ते शिकवणाराही उरला नाही.

कंत्राट बदलले त्याच वर्षी, मी कामावर असतानाच, ५ जूनला कॅन्टीनमध्ये पर्यावरणावर व्याख्यान झाले. मला आणि पाळीवरच्या नव्या मुलाला टाकी सोडून जाता येत नव्हते, तर एचआरचा माणूस हजेरीपट घेऊन टाकीपाशीच आला आणि आमच्या सह्या घेऊन गेला. अहवालातल्या टक्केवारीत त्या दोन सह्या धरल्या असणारच. ईटीपीवरची माणसे कायम करा आणि त्यांनी इनलेट बंद केला तर त्यांच्या पाठीशी उभे राहा, एवढे तरी तुमच्या लेखात यायला हवे होते.

आणखी एक. नाल्यातल्या फेसाबद्दलच्या माझ्या मागच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद आपण कापलात. फेस कोणत्या वेळी येतो, हे त्यातच लिहिले होते. या वेळी पत्र पूर्ण छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ईटीपी ऑपरेटर