हातावरचा चहाडखोर

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

मी ठीक आहे. तिसरी केमो झाली, उलट्या पहिल्यापेक्षा कमी. आई, केसांचं पुन्हा विचारू नकोस, येतील ते.

बाबा, "पट्ट्याला काय कळतंय दुखणं" म्हणालात. नाहीच कळत. मनगटावरचा हा पट्टा मोजतो नाडी, पावलं, झोप, कातडीचं तापमान, एवढंच, आणि ते हॉस्पिटलला दिसतं. ताप बघायला थर्मामीटरच लागतो. दुखणं माझं मी सांगायचं, आणि इथेच या हॉस्पिटलवाल्यांची तऱ्हा सुरू होते. "कशी आहेस" हा प्रश्नच नाही. रोज सकाळी फोनवर येतं: मळमळ किती, थकवा किती, 0 ते 10. आता थकव्याचे 4 म्हणजे किती? नर्स म्हणाली, तुझे 4 ते तुझेच, मला काल 4 होते आणि आज 7 झाले का तेवढंच हवंय. आई, तुझ्या "जरा अंग मोडून आलंय"ला किती मार्क द्यायचे यावर मी अर्धा तास घालवलाय. शेवटी सगळीकडे 2. उगाच कुणाला त्रास!

पट्टा मात्र चहाडखोर. दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी मी 2 भरले आणि नर्सचा फोन. दोन दिवस पावलं तीनशेच्या वर नाहीत, झोपेतली नाडी 70 ची 94 झालीय, ताप बघ. 38.4 सेल्सिअस निघाला, म्हणजे आपला 101. केमोनंतर आठवडा-दोन आठवड्यांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा 38 झाला की लगेच कळवायचं, परस्पर पॅरासिटामॉल घेऊन ताप झाकायचा नाही. मी गोळी हातात घेतलीच होती. दोन रात्री शिरेतून अँटिबायोटिक. "फोन बिघडलाय" म्हणाले होते तोच हा रविवार. आता सांगितलं. रागावू नका.

आणि "एकटी आहेस, एकटी आहेस" पुरे. 2017 साली न्यूयॉर्कच्या 766 रुग्णांचा अभ्यास छापून आला. लक्षणं स्वतः संगणकावर नोंदवणाऱ्यांतले निम्मे 31 महिन्यांपुढे जगले, नेहमीच्या पद्धतीतले निम्मे 26 महिन्यांपुढे. त्यांचा आजार पसरलेला होता, माझा नाही, तेव्हा आकड्यांनी घाबरू नका. पट्टाही नव्हता त्यात. वेळेवर सांगणं होतं.

या महिन्यात पैसे कमी आलेत, रजा अर्ध्या पगाराची आहे. हप्ता चुकणार नाही. आई, गुडघा "बराय" लिहू नकोस, आकडा कळव. आणि धाकटीच्या लग्नाची तारीख माझ्यासाठी पुढे ढकलू नका. पाचवी केमो त्याच आठवड्यात आहे. टोपी घालून व्हिडिओवर बसेन. नाडी चढेल, नर्सचा फोन येईल. तिला काय सांगायचं ते बघते मी.

तुमची,
बेबी