एकरात ‘पॉइंट’ घालताना

संपादक महोदय,
स. न.

भूसंपादन, लिलाव आणि जमीन व्यवहारांच्या बातम्यांत ‘१ एकर २० गुंठे’ हे क्षेत्र ‘१.२० एकर’ असे छापलेले अनेकदा दिसते. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे १ एकर २० गुंठे हे दीड एकर झाले. १.२० एकर म्हणजे १ एकर ८ गुंठे. फरक बारा गुंठ्यांचा, १३,०६८ चौरस फुटांचा. पुण्याच्या वेशीवर एवढ्या जागेत अख्खी सोसायटी उभी राहते. मुद्रितशोधनात ही चूक निसटते, कारण एकर मुळात दशांशाचे माप नाही हे आपण विसरलो आहोत. खरे तर मुळात ते मापच नव्हते.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘ॲकर’च्या जवळपास उच्चारला जाई आणि त्याचा अर्थ होता शेत; लहान, मोठे, कसेही. जर्मन भाषेत ‘आकर’ म्हणजे आजही नांगरटीचे शेत. लॅटिन ‘आगेर’, ग्रीक ‘आग्रोस’ आणि ऋग्वेदातला ‘अज्र’ हे सगळे याच कुळातले. बरेच अभ्यासक हे कूळ ‘अज्’ म्हणजे हाकणे या धातूशी जोडतात. त्या हिशेबाने मूळ अर्थ गुरे हाकायची मोकळी जमीन असा होतो. ग्रीकमध्ये ‘आग्रोस’वरूनच रानटी या अर्थाचा शब्द निघाला. आपल्याकडे अरण्याचे ‘रान’ झाले आणि आज शेतकरी नांगरलेल्या वावरालाही रानच म्हणतो. मोकळ्या माळापासून कसलेल्या शेतापर्यंतचा हा प्रवास दोन्ही भाषांनी आपापला केला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

पुढे इंग्लंडमध्ये शेताऐवजी कामाचे मोजमाप सुरू झाले. बैलजोड्यांनी एका दिवसात नांगरून होईल तेवढी जमीन म्हणजे एकर. सहा-आठ बैलांचा लाकडी नांगर काळ्या रानात पाहिलेल्यांना हे सांगायला नको की खरा वेळ वळणावर जातो. म्हणून तास, म्हणजे नांगराची सरी, लांबलचक ठेवत आणि पट्टा अरुंद. एका तासाची लांबी ६६० फूट. ‘फर्लांग’ हा शब्द त्या लांब तासावरूनच आला. पट्ट्याची रुंदी ६६ फूट. दोन्हींचा गुणाकार ४३,५६० चौरस फूट, हाच आजचा एकर. सतराव्या शतकात एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने मोजणीसाठी शंभर कड्यांची साखळी आणली, तीही ६६ फुटांची. क्रिकेटची बावीस यार्डांची खेळपट्टी लांबीला या साखळीएवढीच, म्हणजे एकराच्या रुंदीएवढी असते.

तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, पहिल्या एडवर्डच्या काळात, कायद्याने एकर ठरवला गेला. त्यानंतर पट्ट्याचा आकार सुटला आणि फक्त क्षेत्रफळ उरले. तरी प्रदेशाप्रदेशात एकर वेगळाच राहिला. इंग्लंडचा कायदेशीर एकर ४,८४० चौरस यार्डांचा, आयर्लंडचा ७,८४० चौरस यार्डांचा. जुन्या आयरिश दस्तातली शंभर एकर जमीन आजच्या हिशेबाने सुमारे १६२ एकर भरते. १८२४ च्या वजनमापांच्या कायद्याने एकच एकर अधिकृत केला.

तोच एकर पुणे जिल्ह्यात आला. आपल्याकडे तेव्हा काठी, पांड, बिघा, चाहूर चालत: वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. पण बिघा सगळीकडे सारखा नव्हता. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पद्धतीची नवी सारा आकारणी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून लागू झाली आणि मुंबई इलाख्यात मोजणी एकर-गुंठ्यांवर स्थिरावली. इथली साखळी ३३ फुटांची, गुंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी, आणि तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो गुंठा. दहा साखळ्या लांब आणि चार साखळ्या रुंद तुकडा म्हणजे चाळीस गुंठे, एक एकर. जुनी टिपणे वाचताना आण्यांना दशांश समजले की हद्दच सरकते. ८ आणे म्हणजे अर्धी साखळी, ०.८ नव्हे.

दशांशाचा घोळ खरा शिरला तो मेट्रिक मापांमुळे. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. शंभर आरांचा हेक्टर, त्यामुळे १ हेक्टर २० आर हे १.२० लिहिणे अगदी बरोबर. तोच ठिपका सवयीने एकर-गुंठ्यांत घातला जातो. दुसरी चूक आर आणि गुंठा एकच मानण्याची. आर १०० चौरस मीटरचा, म्हणजे १,०७६.३९ चौरस फूट, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. चाळीस गुंठ्यांऐवजी चाळीस आर धरले तर सुमारे ५०४ चौरस फूट हातचे जातात.

हेक्टरचे एकर करताना आधी २.४७१ ने गुणावे, पूर्णांक एकर म्हणून बाजूला ठेवावा आणि उरलेल्या दशांशाला ४० ने गुणून गुंठे काढावेत. १.२० हेक्टरचे २.९६५ येतात; .९६५ गुणिले ४० म्हणजे ३८.६. उत्तर २ एकर ३८.६ गुंठे, ‘२ एकर ९६ गुंठे’ कधीच नाही. गुंठ्यांचा आकडा चाळीस किंवा जास्त दिसला की गणित चुकले आहे असे समजावे.

अनुवादकांसाठीही एक सूचना. जुन्या इंग्रजी मजकुरात हा शब्द आकड्याशिवाय आला, तर बहुधा शेत किंवा जमीन असाच अर्थ घ्यावा. ‘देवाचा एकर’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग म्हणजे दफनभूमी. तो जर्मनमधून आला आणि तिथे त्याचा शब्दशः अर्थ ‘देवाचे शेत’ असा आहे.

आपल्या बातमीदारांना विनंती की मूळ कागदावर जे माप असेल ते आधी द्यावे, रूपांतर त्यानंतर द्यावे, आणि एकर व गुंठे हे दोन्ही शब्द पूर्ण लिहावेत.

– जमीन मोजणीच्या कामातील एक वाचक, पुणे