मनूच्या गणिताच्या प्लेसमेंटबद्दल

ओहायो, 24 मे

ती. दादा आणि सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मनूला इथल्या अमेरिकेतल्या कॉलेजकडून गणिताच्या प्लेसमेंट टेस्टचं पत्र आल्याचं वहिनीनं फोनवर सांगितलं. दादा, तिला रत्नागिरीत क्लास लावायचं तुझ्या मनात आहे, ते आधी थांबव. ही पास-नापासाची परीक्षा नाही. पहिल्या सत्रात मनूला गणिताच्या कोणत्या वर्गात बसवायचं, एवढंच तिच्यावरून ठरतं. मार्क फुगले तर नुकसान तिचंच.

पत्रात ॲलेक्सचं नाव आहे, ती कॉम्प्युटरवर द्यायची टेस्ट. म्हणजे जास्तीत जास्त 30 प्रश्न, तेही बहुतेक पर्यायांविना; उत्तर स्वतः टाईप करायचं. आधीचं उत्तर बघून पुढचा प्रश्न निवडला जातो. येत नसेल तिथं ‘मला माहीत नाही’ हे बटण दाबायचं, अंदाज मारायचा नाही. कागद-पेन्सिल चालते, आपला कॅल्क्युलेटर चालत नाही. लागेल तिथं पडद्यावर येतो. गुण 0 ते 100. कॅल्क्युलसच्या वर्गासाठी बऱ्याच ठिकाणी 76 च्या आसपास लागतात, पण प्रत्येक कॉलेजचा आकडा वेगळा, तेव्हा तिच्या गणित विभागाचाच बघा.

आता मुख्य गोष्ट. बारावीत मनूनं इंटिग्रेशन केलंय, पण या टेस्टमध्ये ते येतच नाही. येतं ते आठवी ते अकरावीचं: अपूर्णांकी घात, असमीकरणं, आलेख वाचणं, लॉग, त्रिकोणमिती. फेब्रुवारी-मार्चच्या पेपरानंतर तिनं वही उघडलेली नसणार, आणि नेमकं तेच आधी गंजतं. त्यात खुणाही वेगळ्या. आपल्या बारावीच्या पुस्तकात नुसतं लॉग लिहिलं की पाया ई धरतात, म्हणून लॉग एक्सचं डेरिव्हेटिव्ह एक छेद एक्स. इथं नुसता लॉग म्हणजे पाया 10, लॉग 1000 म्हणजे 3. पाया ई असेल तर ‘एल-एन’ लिहितात. कोसेकला इथं ‘सी-एस-सी’, इंडायसेसना ‘एक्स्पोनंट्स’, सर्डला ‘रॅडिकल’, ट्रॅपीझियमला ‘ट्रॅपेझॉइड’. गणित येत असूनही मुलं प्रश्नच चुकीचा वाचतात, ते इथं.

आणि शाब्दिक उदाहरणं. तिला एक घालून बघ. समजा जेटीपाशी भरतीला पाणी 3 मीटर, ओहोटीला 1 मीटर, आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंत 12.4 तास. उंचीचं सूत्र कोसाइननं लिही, आणि भरतीनंतर पाणी 2 मीटरवर कधी येईल ते सांग. मधली पातळी 2, ॲम्प्लिट्यूड 1, पीरियड 12.4 हे तिनं आपणहून काढलं, आणि पाव पीरियड म्हणजे 3.1 तास, 3 तास 6 मिनिटं असं उत्तर आलं, तर प्रीकॅल्क्युलसची, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीच्या गणिताची, मला काळजी नाही. सूत्रं पाठ असून इथं अडली, तर तीन आठवडे रोज तासभर एवढंच करायचं.

पहिला प्रयत्न मदतीशिवाय होऊ दे. शेजारी कुणी बसायचं नाही. मग तिचे कच्चे विषय ॲलेक्सच दाखवतं, त्यांचा सराव त्यातच करता येतो, आणि नंतर पुन्हा टेस्ट देता येते. किती वेळा आणि किती दिवसांनी, ते कॉलेज ठरवतं. कॅमेऱ्यासमोर द्यायची असेल तर जूनच्या पावसात आपल्या वाडीतून नको. लाईट गेली की सगळं अर्ध्यावर राहतं. इन्व्हर्टर असेल तिथं बसव.

मार्क फुगवून कॅल्क्युलसमध्ये बसली, तर पहिल्या चाचणीतच बीजगणित तोंडघशी पाडतं. मग विषय सोडावा लागतो, आणि एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्रात किमान 12 क्रेडिट लागतात; प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट असतात. चार क्रेडिटचा विषय सोडून ती 12 च्या खाली गेली तर व्हिसाचा प्रश्न. चुकीच्या पातळीच्या वर्गात पडल्याचं कारण नियमात आहे, पण आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची परवानगी विषय सोडण्याआधी घ्यावी लागते. आधी सोडून मग विचारणाऱ्या मुलांचं फार वाईट होतं.

उलटंही होतं. तिचं बीजगणित पक्कं असेल तर कॅल्क्युलस 1 मधलं पुष्कळसं तिला येत असेल. तेव्हा वरच्या वर्गासाठी विभागाची स्वतंत्र परीक्षा आहे का, हे तिनं ईमेलनं विचारावं. पण घाई नको. कॅल्क्युलस 2 मधल्या अनंत श्रेणी बारावीत झालेल्या नाहीत. बोर्डाचं मार्कशीट बघून इथं काही कळत नाही, म्हणून गणिताच्या पुस्तकाच्या दोन्ही भागांची अनुक्रमणिका स्कॅन करून त्या ईमेलला जोडा. आणि कॉम्प्युटर सायन्सला ‘बिझनेस कॅल्क्युलस’ सहसा चालत नाही. नाव सारखं दिसतं म्हणून घेऊ नये.

भरतीचं उदाहरण तिनं सोडवलं की कागदाचा फोटो पाठव, खाडाखोडीसकट. तिकडच्या संध्याकाळी साडेसहाला इथं सकाळचे नऊ असतात, तेव्हा फोन करा. आंब्याची शेवटची तोड झाली का, तेही कळव. आईला नमस्कार.

तुझी,
बेबी