बाबांना न झालेली कावीळ

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, बाबांच्या रक्तात हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणू निघाला म्हणून तू त्यांचं ताट वेगळं ठेवलंयस, हे काल फोनवर ऐकलं आणि मला पुढे काही बोलताच आलं नाही. ते ताट आधी फळीवर परत लाव. हिपॅटायटिस बी उष्ट्यातून पसरत नाही, रक्तातून पसरतो. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर. तूही रक्त तपासून घे. तुला लागण झालेली नसेल आणि पूर्वी लसही घेतली नसेल, तर लस घ्यायची : आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी.

बाबा, तुम्ही म्हणालात, "मला तर जन्मात कावीळ झाली नाही, मग हे आलं कुठून?" हा विषाणू यकृताच्या पेशीला सहसा स्वतः मारत नाही. आत बसून स्वतःच्या प्रती काढत राहतो. मारतात त्या आपल्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, लागण झालेल्या पेशी हुडकून हुडकून. मोठ्या माणसात ही लढाई जोरात होते. कित्येकांचे डोळे पिवळे होतात, आणि 100 पैकी 95 जण त्यातून सुटतात. काकांच्या गळ्यात काविळीची माळ घातली होती, रोज लांबत जाणारी, आठवतं? श्रेय माळेला मिळालं. झुंजल्या होत्या त्यांच्या पेशी.

तान्ह्या बाळाचं शरीर मात्र या विषाणूवर धावूनच जात नाही. जन्मताना लागण झालेल्या 10 पैकी 9 बाळांत तो कायमचा राहतो. वर्षानुवर्षं तो समोर असला की टी पेशी थकतात. लॅबमध्ये मी अशाच पेशी मोजते : अंगावर पीडी-1 नावाचा लगाम, जिवंत असतात, पण हात उचलत नाहीत. तुम्हाला बहुतेक आजीकडून किंवा लहानपणीच्या एखाद्या सुईतून लागण झाली असावी. तुमचा जन्म 1955चा, पहिली लस मंजूर झाली 1981 साली. यात तुमचं काय चुकलं, बाबा? मान खाली घालून बसू नका.

पण त्रास नाही म्हणून तपासण्या टाळू नका. त्या थकलेल्या पेशी मधूनच उठतात, अर्धवट लढतात, आणि यकृतावर वण पडत जातात. एसजीपीटी (यकृताला इजा होतेय का ते सांगणारी रक्ततपासणी), व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते) आणि सोनोग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हा करायचीच. गोळी सुरू झाली तर स्वतःहून बंद करायची नाही. आणि कुणी स्टेरॉइड लिहून दिलं, तर आधी हा रिपोर्ट दाखवायचा.

आत्यालाही तपासणी करायला सांगा. मी शनिवारी येतेय. तिला फोन करायला तुम्हाला जड जात असेल, तर आपण दोघं मिळून करू.

तुमची,
मनू